आमाशयाच्या ज्ञानाचा इतिहास

गोंदिया जिल्ह्याच्या तिरोडा तालुक्यांत, झाडीनें भरलेल्या डोंगरांच्या कुशींत, बोदलकसा नांवाचें एक विस्तीर्ण तळें आहे. पावसाळ्यांत डोंगरउतारांवरून येणारें पाणी मातीच्या धरणानें तेथें अडविलें जातें आणि पुढें बेताबेतानें भाताच्या बांध्यांकडे सोडलें जातें. हें तळें १९१७ सालीं पुरें झालें. त्याच्या आधींच्या वीस-एकवीस वर्षांत, म्हणजे १८९६-९७ आणि १८९९-१९०० या सालीं, त्या वेळच्या मध्यप्रांतानें दोन भयंकर दुष्काळ सोसले होते. १९०१ सालीं नेमलेल्या पाटबंधारे आयोगानें दुष्काळापासून रक्षण करणाऱ्या कामांचा पुरस्कार केला, आणि त्यानंतरच्या काळांत प्रांतांत जीं मोठीं तळीं बांधलीं गेलीं त्यांपैकीं हें एक होय.

तळें बांधण्याची विद्या मात्र या भागास परकी नव्हती. कोहळी समाजानें कित्येक पिढ्यांपूर्वीं येथें गांवोगांव तळीं उभारलीं. नवेगांवबांधचें प्रसिद्ध तळें कोलू पाटील कोहळी यानें अठराव्या शतकाच्या आरंभीं बांधलें, असें परंपरा सांगते. अशा तळ्याच्या मातीच्या बांधास तेथील लोक पार म्हणतात, पाणी हवें तितकेंच सोडण्याच्या दारास तुडूम म्हणतात आणि जादा पाणी निघून जाण्याच्या वाटेस सलंग म्हणतात. तळें म्हणजे पाण्यानें भरलेला खड्डा नव्हे; घेणें, राखून ठेवणें आणि मोजून देणें, या तीन क्रियांची ती योजना आहे, हें या तीन शब्दांवरूनच ध्यानांत येतें.

तळ्यास आपण जलाशय म्हणतों. 'आशय' म्हणजे जेथें कांहीं येऊन राहतें तें ठिकाण. आपल्या प्राचीन वैद्यांनीं माणसाच्या शरीरांतहि असे आशय मानले, आणि खाल्लेलें अन्न न पचलेल्या, म्हणजे 'आम' स्थितींत जेथें प्रथम येऊन राहतें, त्या ठिकाणास आमाशय असें नांव दिलें. ज्या जलाशयासाठीं एवढा खटाटोप करावयाचा, तो अखेर या दुसऱ्या, वीतभर लांबीच्या आशयासाठींच होय. त्याची रचना माणसास कशी कळली, ती कळण्यास इतकीं शतकें कां लागलीं, आणि ती कळावी म्हणून कोणाचे देह उघडले गेले, हें वाचकांपुढें मांडावें असा आमचा विचार आहे. यांपैकीं तिसरा प्रश्न सहसा कोणी विचारीत नाहीं. आम्हांस मात्र तोच मुख्य वाटतो.

प्रथम नांवांकडे वळूं. मराठी भाषेंत पोटाइतका राबविलेला अवयव दुसरा क्वचितच सांपडेल. आपण पोटासाठीं दारोदार फिरतों, पोटास चिमटा घेऊन मुलांस शिकवितों, दुसऱ्याचा अपराध पोटांत घालतों, आणि ज्याच्या पोटांत एक व ओठांत एक असतें त्याच्यापासून सावध राहतों. आई आपल्या लेकरास पोटचा गोळा म्हणते. परंतु इतक्या उपयोगांत या शब्दाची रेघ पुसट झाली आहे. छातीखालचा सारा भाग पोट, आंतील अन्नाची पिशवीहि पोट, आणि गर्भ राहतो तेंहि पोटच. संस्कृतांतील 'जठर' शब्दाचीहि हीच गत. कवींनीं तो मातेच्या गर्भाशयासहि खुशाल लाविला आहे. 'कोठा' हा शब्द त्यांतल्या त्यांत नेमका. परंतु वैद्य जेव्हां जड कोठा, हलका कोठा म्हणतो तेव्हां त्याच्या मनांत आमाशयाहून आंतड्यांचाच विचार अधिक असतो. सारांश, ज्या अवयवाची आठवण माणसास दिवसांतून दोन वेळां तरी होते, त्याच्या सीमा भाषेनें कधीं आंखल्याच नाहींत.

शास्त्रानें त्या आंखण्याचा यत्न फार पूर्वीं केला. सुश्रुतानें सात आशय सांगितले असून स्त्रीच्या ठायीं गर्भाशय हा आठवा मानला आहे. चरकानें आमाशयाचें स्थान नाभि आणि स्तन यांच्या दरम्यान सांगितलें. आज शवविच्छेदन करणारा विद्यार्थीहि त्यास चूक म्हणणार नाहीं. विमानस्थानाच्या दुसऱ्या अध्यायांत त्यानें आहाराच्या प्रमाणाची चर्चा करतांना कुक्षीचे तीन भाग कल्पावे असें सांगितलें आहे: एक घन अन्नासाठीं, एक पातळ पदार्थांसाठीं, आणि एक वात, पित्त व कफ यांच्या हालचालीसाठीं मोकळा. पोट तडीस लागेपर्यंत भरूं नये, हें शहाणपण आमच्या घरांतील वडील माणसें आजहि सांगत असतात. त्याचा उगम इतका जुना आहे. येथें एक गोष्ट लक्षांत घेण्याजोगी आहे. हे तीन भाग डोळ्यांनीं पाहिलेले नाहींत. ते जेवणाऱ्याच्या हितासाठीं कल्पिलेले आहेत. प्राचीन वैद्यास आमाशय काय करतो हें जाणावयाचें होतें. तो कसा आहे, या प्रश्नाकडे त्याचें लक्ष कमी होतें.

तथापि तो प्रश्नहि आपल्याकडे विचारला गेला होता. सुश्रुतानें शारीरस्थानांत प्रेत तपासण्याची जी रीत सांगितली आहे ती जगाच्या वैद्यक इतिहासांत मानाची आहे. प्रेत सर्व अवयवांनीं पूर्ण असावें. तें विषानें किंवा दीर्घ रोगानें मेलेल्याचें अथवा शतायुषी वृद्धाचें नसावें. आंतड्यांतील मळ काढून टाकून तें मुंज, साल, कुश, ताग यांसारख्या वस्तूंनीं गुंडाळावें, पिंजऱ्यांत घालावें, आणि आडबाजूच्या वाहत्या पाण्यांत ठेवावें. सात रात्रींनंतर तें चांगलें कुजलें म्हणजे बाहेर काढून वाळ्याच्या, केसांच्या किंवा वेळूच्या कुंचल्यानें हळूहळू घासावें, आणि त्वचेपासून आरंभ करून आंतबाहेरचा एकेक अवयव डोळ्यांनीं पाहावा. शास्त्र वाचून आणि प्रत्यक्ष पाहून, अशा दोन्ही मार्गांनीं ज्ञान वाढतें, असा त्याचा स्पष्ट अभिप्राय आहे. शस्त्रानें प्रेत चिरण्याचा प्रसंगच न यावा, अशी ही युक्ति होती.

परंतु या युक्तींतच आमाशयाच्या अज्ञानाचें बीज होतें, असें आम्हांस वाटतें. सात दिवस पाण्यांत राहिलेल्या देहांत हाडें टिकतात, सांधे टिकतात, स्नायूंचे बंध कांहीं काळ टिकतात. आमाशय मात्र टिकत नाहीं. ज्या रसानें तो अन्न पचवितो तोच रस मृत्यूनंतर त्याच्या भिंतीस खाऊं लागतो, आणि उदरांतील मऊ अवयव सर्वांआधीं नासतात. सुश्रुतानें हाडांची संख्या तीनशें सांगितली, त्यांचे प्रकार लाविले, सांधे मोजले. आमाशयाविषयीं मात्र तो नांव, स्थान आणि कार्य यांच्या फारसा पुढें गेला नाहीं. पाहणाऱ्याच्या बुद्धीचा हा दोष नव्हता. कुंचला जेथें पोहोंचण्यापूर्वींच वस्तु नाहींशी होते, तेथें कुंचल्यानें काय पाहावें? पुढें तर ही रीतहि लोपली, आणि वैद्यविद्या पोथींतून पोथींत उतरूं लागली. प्रेतास स्पर्श करणें हें ज्ञानाचें साधन न राहतां विटाळाचें कारण झालें.

युरोपची गोष्ट याहून फार वेगळी होती असें कोणी समजूं नये. दुसऱ्या शतकांतील गेलन याचा शब्द तेथें तेराशें वर्षें प्रमाण मानला गेला. परंतु त्यानें चिरलीं तीं मुख्यतः माकडें, डुकरें आणि दुसरीं जनावरें. जनावरावरून माणसाचें अनुमान त्यानें केलें आणि पुढील पिढ्यांनीं त्या अनुमानासच दर्शन मानलें. १५४३ सालीं व्हेसेलियस यानें आपला मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला तेव्हां माणसाचें शरीर माणसावरूनच पाहिलें पाहिजे, हा आग्रह त्यानें चित्रांसह मांडला. त्याच्या पांचव्या भागांत पचनाच्या अवयवांचें वर्णन आहे. आमाशयाच्या खालच्या तोंडास ग्रीक वैद्यांनीं द्वारपाल या अर्थाचें नांव दिलें होतें, तें युरोपीय वैद्यकांत आजहि चालू आहे. तुडुमाची राखण करणारा माणूस ज्यांनीं पाहिला आहे त्यांस हें नांव समजण्यास कोश लागणार नाहीं. पण व्हेसेलियसला ते देह मिळाले कोठून? बरेचसे फांसावर चढविलेल्या गुन्हेगारांचे. ज्यांच्यासाठीं रडणारें कोणी पुढें येऊं शकत नव्हतें, त्यांच्या देहांवर या नव्या ज्ञानाचा पाया रचला गेला.

हें नवें ज्ञान महाराष्ट्राच्या दारीं एकोणिसाव्या शतकांत आलें. एल्फिन्स्टनच्या कारकीर्दींत, १८२६ सालीं, डॉक्टर मॅक्लेनन याच्या हाताखालीं मुंबईंत देशी भाषांतून वैद्यक शिकविणारी एक शाळा निघाली. ती १८३२ सालीं बंद पडली. १८३६ सालीं कलकत्त्यास मधुसूदन गुप्त या वैद्यकुळांतील पंडितानें मानवी प्रेतावर शस्त्र चालविलें, आणि शतकानुशतकांचा निर्बंध मोडला. गोव्यांत १८४२ सालीं वैद्यकशाळा स्थापन झाली. मुंबईचे गव्हर्नर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ १८४५ सालीं ग्रँट वैद्यकीय विद्यालय उघडलें. जमशेटजी जिजीभाई यांच्या देणगीनें उभें राहिलेलें रुग्णालय त्यास जोडलेलें होतें, आणि विद्यालयाची धुरा डॉक्टर चार्ल्स मोरहेड यांजकडे होती. १८५१ सालीं तेथून पदवी घेऊन बाहेर पडलेल्या पहिल्या तुकडींत भाऊ दाजी लाड आणि आत्माराम पांडुरंग हे होते. पहिल्यानें पुढें प्राचीन शिलालेखांच्या अभ्यासांत नांव मिळविलें, दुसऱ्यानें १८६७ सालीं प्रार्थनासमाजाच्या स्थापनेंत पुढाकार घेतला. प्रेताच्या मेजाजवळ उभें राहून ज्यांनीं विटाळाची भीति एकदां टाकली, त्यांस समाजांतील दुसऱ्या भीति टाकणें सोपें गेलें असेल, असें अनुमान केल्यास तें वावगें होणार नाहीं.

पुढें त्याच विद्यालयांत मराठी आणि गुजराथी भाषांतून शिकविण्याचे वर्ग निघाले, आणि मराठींत शारीरशास्त्र सांगण्याची गरज पडली. तेव्हां जुन्या शब्दांचें भांडार उघडावें लागलें. आमाशय, पक्वाशय, ग्रहणी, यकृत, प्लीहा, कला हे शब्द तयारच होते. प्रश्न होता तो कोणता शब्द कोणत्या दिसणाऱ्या वस्तूस लावावयाचा हा. सुश्रुताची ग्रहणी म्हणजे आमाशयानंतरचा आंतड्याचा पहिला भाग, असें ठरलें. भास्कर गोविंद घाणेकर यांनीं काशी हिंदु विश्वविद्यालयांत राहून सुश्रुताच्या शारीरस्थानावर हिंदींत जी टीका लिहिली, तींत जुना शब्द आणि नवें दर्शन यांची सांगड घालण्याचा हाच उद्योग दिसतो. मराठी शास्त्रीय लेखनांत पुढें 'जठर' हा शब्द अधिक रूढ झाला. आम्ही मात्र येथें आमाशयच म्हणतों. कारण जठर म्हटल्यानें अग्नीची आठवण होते, आमाशय म्हटल्यानें आंत काय येऊन राहतें याची होते.

तर मेजावर उघडलेल्या देहांत विद्यार्थ्यास काय दिसलें? छाती आणि उदर यांच्यामधील पडद्याखालीं, बहुतांशीं डाव्या बाजूस, यकृताच्या कांहींशी आड आणि प्लीहेच्या शेजारीं, एक वांकडी पिशवी. अन्ननलिका पडद्यांतून खालीं उतरून तिला वरच्या तोंडाशीं मिळते. त्या तोंडाच्या डावीकडे पिशवीचा घुमट वर उचललेला असतो. गिळलेली हवा तेथें जमते. मधला भाग प्रशस्त. नंतर पिशवी उजवीकडे वळून निमुळती होते आणि खालच्या तोंडाशीं ग्रहणीस मिळते. तिची उजवी कड आंखूड व आंत वळलेली, डावी कड लांब व बाहेर फुगलेली. या लांब कडेपासून चरबीनें भरलेलें वपाजाल पडद्यासारखें आंतड्यांवर लोंबतें. भिंतीचे थर चार: बाहेर गुळगुळीत आवरण, त्याच्या आंत स्नायूंचा थर, त्यांतहि उभे, आडवे आणि तिरपे असे तीन प्रकारचे तंतु, त्याच्या आंत रक्तवाहिन्यांचा सैल थर, आणि सर्वांत आंत श्लेष्मकला. पचनमार्गाच्या बाकीच्या नळींत स्नायूंचे बहुधा दोनच थर असतात. तिरपा तिसरा थर हें आमाशयाचें वैशिष्ट्य. तो आहे म्हणून हा अवयव अन्न पुढें ढकलतो इतकेंच नव्हे, तर तें मळतो, घुसळतो.

रिकाम्या आमाशयाची श्लेष्मकला सुरकुत्यांनीं भरलेली असते, आणि त्या वेळीं त्यांत मूठभर पाणीहि क्वचितच मावेल इतकी जागा असते. जेवण येऊं लागतांच वरचा भाग सैल पडतो, सुरकुत्या उलगडतात, आणि मोठ्या माणसाच्या आमाशयांत एक ते दीड लिटर अन्न सुखानें राहतें. तरीहि आंतील दाब फारसा वाढत नाहीं. तळ्याशीं तुलना येथें अपुरी पडते, कारण पाणी येत आहे म्हणून कोणतेंहि तळें आपली पार मागें सरकवीत नाहीं. खालच्या तोंडाशीं आडवे तंतु दाट होऊन एक कडें बनतें. हाच तो द्वारपाल. अन्न पातळ होईपर्यंत तो दार किलकिलेंच ठेवतो आणि थोडें थोडें ग्रहणींत सोडतो. दोन-चार तासांचें हें सोडणें म्हणजे शरीराचा तुडूमच. श्लेष्मकलेंतील असंख्य सूक्ष्म ग्रंथींपैकीं कांहीं पेशी तीव्र आम्ल निर्माण करतात, कांहीं मांसजातीय पदार्थ फोडणारें पाचकद्रव्य देतात, आणि कांहीं चिकट श्लेष्म्याचा लेप देऊन भिंतीचें त्या आम्लापासून रक्षण करतात. हा आंतला थर थोड्याच दिवसांत झिजून पुन्हां नवा होतो. जिवंतपणीं आमाशय स्वतःस कां खात नाहीं आणि मेल्यावर कां खातो, याचें उत्तर या लेपांत आणि या नूतनीकरणांत आहे.

हें सारें मुंबईच्या विद्यार्थ्यानें ज्या देहांवरून शिकलें ते देह कोणाचे? रुग्णालयांत मेलेल्या आणि ज्यांस नेण्यास कोणी आलें नाहीं अशांचे. इंग्लंडांत १८३२ सालीं कायदा होऊन दरिद्रालयांत मरणाऱ्या बेवारस लोकांचीं प्रेतें वैद्यकशाळांस मिळूं लागलीं. त्यापूर्वीं तेथें थडगीं उकरून प्रेतें विकलीं जात, आणि १८२८ सालीं एडिंबरोस बर्क आणि हेअर या दोघांनीं तर प्रेतें विकण्यासाठीं माणसें मारलीं होतीं. मुंबई प्रांतानें असा कायदा १९४९ सालीं केला. बेवारस प्रेत शिक्षणासाठीं देण्याची रीत त्यानें नियमांत बसविली. कायदा आवश्यक होता, यांत शंका नाहीं. परंतु 'बेवारस' या शब्दाकडे वाचकांनीं क्षणभर पाहावें. धनवान् मनुष्य बेवारस मरत नाहीं. बेवारस मरतो तो पोटासाठीं गांव सोडून आलेला, ज्याच्या मरणाची वार्ता घरीं पोहोंचत नाहीं असा मनुष्य. भरलेल्या आमाशयाची रचना जगास कळली ती अशा रीतीनें पुष्कळ वेळां उपाशी माणसाच्या देहावरून.

मेलेल्या देहावरून रचना कळते, चलन कळत नाहीं. प्रेतांतील आमाशय आडवा, ढिला, निर्जीव. जिवंत माणसाच्या पोटांत तो काय करतो, हें जाणण्यास जिवंत पोटांत डोकावणें हवें होतें. तशी खिडकी उघडली ती सातासमुद्रांपलीकडे, एका अपघातानें. ६ जून १८२२ रोजीं उत्तर अमेरिकेंतील मॅकिनॅक बेटावर ॲलेक्सिस सेंट मार्टिन नांवाच्या तरुणास, जो लोकरीच्या कातड्यांचा व्यापार करणाऱ्या कंपनीचा होडीवाला मजूर होता, अगदीं जवळून बंदुकीचा छर्रा लागला. लष्करी वैद्य विल्यम बोमाँट यानें त्यास वांचविलें. परंतु जखम भरतांना आमाशयाची कड पोटाच्या कातडीस चिकटली आणि तेथें एक भोंक कायमचें राहिलें. बोमाँटनें त्या भोंकांतून दोऱ्यास बांधलेले अन्नाचे तुकडे आंत सोडले, वेळ मोजून बाहेर काढले, रस काढून बाटलींत अन्न पचवून पाहिलें, आणि राग किंवा भीति यांनीं तो रस कसा मंदावतो याची नोंद केली. दोनशेंहून अधिक प्रयोगांनंतर १८३३ सालीं त्यानें ग्रंथ छापला. पचन म्हणजे उकळणें नव्हे, कुजणें नव्हे, दळणेंहि नव्हे, तर रसायनक्रिया होय, हें त्यानें जगास पटविलें.

सेंट मार्टिन यास लिहितां येत नव्हतें. १८३२ सालीं त्याच्याकडून वर्षाकांठीं दीडशें डॉलर आणि अन्नवस्त्र यांच्या बदल्यांत आपलें आमाशय प्रयोगांस देण्याचा करार करून घेण्यांत आला. तो अनेकदां बोमाँटला सोडून घरीं निघून गेला. बायकापोरांचें पोट भरण्यासाठीं लांकडें फोडीत राहिला. १८८० सालीं तो मेला तेव्हां विल्यम ऑस्लर यांच्यासारख्या नामांकित वैद्यास त्याचें आमाशय संग्रहालयासाठीं हवें होतें. नातलगांनीं प्रेत उन्हांत कुजूं दिलें आणि मग खोल खड्ड्यांत पुरलें. कोणी तें उकरूं नये म्हणून. सुश्रुतानें दिसावें म्हणून प्रेत कुजविलें, आणि या गरीब कुटुंबानें कोणास दिसूं नये म्हणून कुजविलें. पहिल्याची ज्ञानलालसा आम्ही आदरानें सांगतों. दुसऱ्यांची लाज आणि संताप हींहि तितक्याच आदरानें सांगणें आम्हांस कर्तव्य वाटतें.

पुढील पाऊलहि अशाच एका माणसाच्या गळ्यांतून पडलें. आपल्या जत्रांतून तलवार गिळणारे खेळ करणारे लोक असत, युरोपांतहि असत. १८६८ सालीं फ्रायबुर्ग येथें कुसमाउल यानें अशाच एका खेळवाल्याच्या घशांतून सरळ नळी आमाशयापर्यंत उतरवून आंत पाहण्याचा यत्न केला. उजेड पुरेसा नव्हता, परंतु मार्ग आहे हें सिद्ध झालें. १९५७ सालीं हिर्शोविट्झ यानें कांचतंतूंची लवचीक दुर्बीण तयार केली तेव्हां तो मार्ग सर्वांस खुला झाला. मध्यंतरीं क्ष-किरणांचा शोध लागून वर्ष-दीड वर्ष होतें न होतें तोंच वॉल्टर कॅनन यानें मांजरास बिस्मथ मिसळलेलें अन्न चारून आमाशयावरून सरकणाऱ्या लाटा पाहिल्या. क्ष-किरणांनींच हेंहि दाखविलें कीं, उभ्या असलेल्या जिवंत माणसाचें आमाशय पुष्कळदां आंकड्यासारखें लांब लोंबतें. पुस्तकांतील आडवी पिशवी ही मेजावर उताण्या निजविलेल्या प्रेताची होती.

न्यायबुद्धीनें हेंहि सांगितलें पाहिजे कीं, ज्ञानाची किंमत नेहमीं दुसऱ्यांनींच भरली असें नाहीं. अठराव्या शतकांत इटलींतील स्पालान्झानी यानें अन्नानें भरलेल्या कापडी पिशव्या आणि लांकडी नळ्या स्वतः गिळून पचन तपासलें. १९१२ सालीं कॅननचा विद्यार्थी वॉशबर्न यानें फुगा गिळून आमाशयांत राहूं दिला, आणि भुकेची कळ व आमाशयाचें आकुंचन हीं एकाच वेळीं होतात हें दाखविलें. पोटांत कावळे ओरडतात असें आपण म्हणतों. त्या कावळ्यांचा ठावठिकाणा असा लागला. १९८४ सालीं ऑस्ट्रेलियांतील बॅरी मार्शल यानें जंतूंनीं गढूळ झालेला द्रव स्वतः पिऊन आपल्या आमाशयास सूज आणून घेतली. इतक्या तीव्र आम्लांत जंतु जगणें शक्य नाहीं, असें तोंपर्यंत बहुतेक वैद्य मानीत. आमाशयाचा व्रण काळजीनें आणि तिखटानें होतो, हें तर सर्वतोमुखीं होतें. मार्शल आणि रॉबिन वॉरेन यांनीं त्या समजुतीस धक्का दिला, आणि २००५ सालीं त्यांस नोबेल पारितोषिक मिळालें. वैद्य स्वतःच्या पोटावर प्रयोग करतो तेव्हां त्याचें नांव जगास कळतें. मजुराच्या पोटावर करतो तेव्हांहि बहुधा वैद्याचेंच कळतें. सेंट मार्टिनचें नांव उरलें, कारण तो जिवंत होता आणि पळून जाऊं शकत होता. मेजावरच्या देहांस तेंहि शक्य नव्हतें.

आतां आरंभीं सोडलेल्या तळ्याकडे परत येऊं. १९१४ सालीं नागपुरास रॉबर्टसन वैद्यकशाळा निघाली, १९४७ सालीं तेथें वैद्यकीय महाविद्यालय झालें. आणि जो भंडारा जिल्हा तळ्यांसाठींच प्रसिद्ध होता त्याच्यापासून १९९९ सालीं वेगळ्या झालेल्या गोंदिया जिल्ह्यांत २०१६ सालीं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालें. ज्या प्रांतांत शंभर-सवाशें वर्षांपूर्वीं दुष्काळानें माणसें पोटांत अन्न नसल्यानें मेलीं, तेथें आज तरुण मुलेंमुली आमाशयाचे चार थर सोडवून पाहतात. त्यांच्यांत भातशेतकऱ्यांचीं मुलें असावींत, अशी आमची इच्छा आहे; पार, सलंग आणि तुडूम हे शब्द ज्यांच्या घरीं रोजच्या बोलण्यांत आहेत, त्यांस द्वारपालाचें काम वेगळें शिकवावें लागणार नाहीं.

अलीकडे देहदानाची वृत्ति महाराष्ट्रांत वाढते आहे. सुशिक्षित, पोटभर जेवणारीं माणसें आपला देह मरणोत्तर शिक्षणासाठीं लिहून देतात. आम्ही या प्रथेचें अभिनंदन करतों तें केवळ शास्त्राच्या सोयीसाठीं नव्हे. दोन हजार वर्षें ज्ञानाचें हें ऋण एका बाजूनेंच फेडलें जात होतें. गुन्हेगार, भिकारी, मजूर, खेळवाले आणि बेवारस यांनीं न विचारतां दिलेल्या देहांवर बाकीच्यांचें आरोग्य उभें राहिलें. आतां ज्यांस नाहीं म्हणतां येतें ते लोक होय म्हणूं लागले आहेत. न विचारतां घेतलेलें आणि आपणहून दिलेलें, यांत जें अंतर आहे तें कोणत्याहि सुरीनें दिसत नाहीं. परंतु मेजाभोंवतीं प्रथमच उभ्या राहणाऱ्या विद्यार्थ्यास तें कोणीतरी सांगितलें पाहिजे.

तळ्याचें पाणी कोणाच्या शेतांत प्रथम जावें यावरून गांवांत भांडणें होतात, आणि होणें साहजिक आहे. पण पार कोणाच्या हातांनीं उचललेल्या मातीची आहे हें भांडणारा प्रत्येकजण जाणतो. आमाशयाविषयीं आपणांस जें कांहीं ठाऊक आहे, त्याची पारहि अशीच हजारों अनामिकांनीं बांधली आहे. आपलें जेवण रोज जेथें जाऊन राहतें त्या लहानशा आशयाची ही कथा वाचून, त्यांपैकीं एखाद्याची आठवण वाचकांस घांस घेतांना झाली, तर हा लेख लिहिल्याचें सार्थक झालें असें आम्ही समजूं.